नाशिकच्या फ्लॅटमधली ओल : खिडकी कधी उघडावी आणि कधी मिटावी

नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना पहिला पावसाळा सरता सरता एक प्रश्न हमखास पडतो, तो म्हणजे कपाटामागच्या भिंतीवर हे काळे ठिपके आले कुठून. डिसेंबरात दुसरा प्रश्न उभा राहतो : रात्री सगळ्या खिडक्या नीट लावून झोपलो, तरी सकाळी काचा आतल्या बाजूने ओल्या कशा? दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे घरातल्या हवेत साठलेले पाण्याचे बाष्प. उपाय मात्र एकच नाही. आषाढ-श्रावणातल्या ओलीशी एका रीतीने वागावे लागते आणि मार्गशीर्ष-पौषातल्या ओलीशी जवळजवळ उलट रीतीने. हा फरक न सांगता ‘घर हवेशीर ठेवा’ एवढाच सल्ला दिला जातो, लोक तो मनापासून पाळतात आणि तरीही बुरशी हटत नाही, म्हणून हा विषय पायरीपायरीने मांडत आहे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये उत्तरेकडच्या बेडरूमची भिंत आम्ही दोनदा रंगवून घेतली. दोन्ही वेळा ओल रोखणारा म्हणून महागडा रंग लावला आणि दोन्ही वेळा श्रावणात ठिपके पुन्हा उमटले. तिसऱ्या वर्षी भिंतीला टेकलेले सागवानी कपाट चार बोटे पुढे ओढले, बाथरूममधला बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन बदलला आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालणे थांबवले. रंगाला हातही न लावता ती भिंत त्या वर्षीपासून कोरडी आहे. रंगावर झालेला खर्च टाळता आला असता, कारण दोष भिंतीत नव्हता. तो आमच्या घरातल्या हवेत होता आणि ते आम्ही आधी तपासलेच नव्हते.

आधी ओलीची जात ओळखा

भिंत ओली दिसते तेव्हा पाणी तीन वाटांनी आलेले असू शकते. पहिली वाट गळतीची : वरच्या मजल्याचे बाथरूम, गच्चीचा फुटलेला कोबा, भिंतीतून गेलेला नळ किंवा बाहेरच्या प्लास्टरला गेलेली चीर. अशा ओलीचा डाग सहसा एकाच जागी असतो, त्याला पिवळसर कड असते, रंगाचे पोपडे निघतात आणि पाऊस पडून गेल्यावर तो वाढतो. दुसरी वाट जमिनीतून चढणाऱ्या पाण्याची. ती तळमजल्यावरच आढळते आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा फुटलेला, म्हणजे पांढरी खारट पूड आलेली दिसते. तिसरी वाट हवेतल्या बाष्पाची. या ओलीला निश्चित कड नसते. ती खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ, कपाटामागे, पलंगामागे किंवा खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीभोवती पसरते आणि तिच्यासोबत काळी किंवा हिरवट बुरशी व कुबट वास येतो. वायुवीजनाने बरी होते ती ही तिसरी ओल. पहिल्या दोन प्रकारांत खिडक्या कितीही उघडल्या तरी दुरुस्तीला पर्याय नाही.

शंका असेल तर एक सोपी चाचणी करावी. हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा संशयित जागेवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि तो दोन दिवस तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या पृष्ठभागावर पाणी दिसले तर ते खोलीतल्या हवेतून आलेले आहे. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी साठले तर ते भिंतीतून येत आहे. दोन्हीकडे ओल दिसली, तर आधी गळतीचा शोध घ्यावा.

पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबाद या बाजूंच्या नव्या इमारतींत राहायला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काँक्रीट, विटांचे बांधकाम आणि प्लास्टर यांत बांधकामाच्या वेळचे पुष्कळ पाणी शिल्लक असते आणि ते पूर्ण सुकायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. म्हणून ताबा मिळाल्याबरोबर सगळ्या भिंती प्लायवूडच्या फर्निचरने झाकून टाकणे किंवा वॉलपेपर चिकटवणे योग्य नाही. निदान एक उन्हाळा भिंती मोकळ्या राहू द्याव्यात, एवढा धीर पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतो.

हवेत पाणी किती आहे ते मोजा

हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प ती धरून ठेवू शकते. एक घनमीटर हवा १० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ९ ग्रॅम, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम बाष्प पेलते. उबदार दमट हवा थंड काचेला किंवा भिंतीला भिडली की तिची ही क्षमता एकदम घटते आणि जास्तीचे बाष्प पाणी होऊन त्या पृष्ठभागावर उतरते. खोलीत २२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे त्या तापमानाला हवा पेलू शकते त्याच्या ७० टक्के बाष्प तिच्यात असेल, तर सुमारे १६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमू लागते. बुरशीला मात्र पाण्याचे थेंब दिसण्याइतकीही ओल लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की ती रुजते. द्राक्षबागायतदारांना हे सांगावे लागत नाही. पाने ओली राहिली आणि वेलीच्या पसाऱ्यात वारा फिरला नाही की डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो, हे निफाड-दिंडोरीकडच्या बागेतला प्रत्येक जण जाणतो आणि म्हणूनच फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, वेळेवर काढतो. घराच्या कोपऱ्यांनाही तोच न्याय लागू आहे.

डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो आणि माझ्या मते या कामी करायची ही पहिली खरेदी आहे, कारण त्याशिवाय आपण अंदाजानेच चालत राहतो. तो बरोबर दाखवतो का, हे पाहण्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते काही थेंब पाण्याने दाटसर ओले करावे आणि झाकण व मापक दोन्ही एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावेत. सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या जवळ असायला हवा. जितका फरक दिसेल तितका पुढे मनात धरून वाचन करावे. घरात ४० ते ६० टक्के आर्द्रता उत्तम मानावी. ७० च्या वर ती दिवसेंदिवस राहिली तर हालचाल करायलाच हवी.

हे बाष्प येते कुठून, याचा हिशेब बहुतेकांना चकित करतो. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणी तयार होते : १४.२ किलोचे एक सिलिंडर संपते तेव्हा सुमारे २२ लिटर पाणी बाष्परूपाने घराच्या हवेत गेलेले असते, म्हणजे सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर रोज जवळपास अर्धा लिटर, आणि यात भात, डाळ, चहा यांची वाफ धरलेली नाही. मशिनमधून पिळून काढलेल्या धुण्याच्या एका खेपेतही दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेले असते. ते कपडे हॉलमध्ये वाळत घातले तर सगळे पाणी हॉलच्या हवेत जाते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोघे जण आठ तास बंद खोलीत झोपले तर अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत येते, आणि दहा बाय बाराच्या खोलीतली संपूर्ण हवा २० अंश तापमानाला जेमतेम तितकेच बाष्प धरू शकते. सकाळी काचेवरून ओघळणारे पाणी हेच असते.

वाऱ्याची वाट शोधा

जुन्या नाशकात, सराफ बाजार किंवा रविवार कारंजाच्या परिसरात, जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या मधल्या चौकाकडे पाहावे. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालच्या खोल्यांमधली हवा ओढली जाते. घर आपोआप श्वास घेते. फ्लॅटला चौक नाही, म्हणून हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट आपणच ठरवून द्यावी लागते. एकच खिडकी पूर्ण उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींमधल्या दोन खिडक्या अर्ध्या उघडणे अधिक उपयोगी ठरते, परंतु मधले दरवाजे उघडे असले तरच.

वाट खरोखर तयार झाली का, हे उदबत्तीने तपासता येते. पेटलेली उदबत्ती खिडकीपाशी, दाराखालच्या फटीपाशी, खोलीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागच्या जागेत धरून धूर कुणीकडे जातो ते पाहावे, आणि तो पंखे बंद ठेवून पाहावा. जिथे धूर सरळ वर जाऊन रेंगाळतो तिथे हवा कोंडलेली आहे. बुरशी बहुधा तिथेच सापडेल.

आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांमध्ये एक उणीव असते. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व दमट हवामानासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश असावे असे सुचवले आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट, म्हणजे पाच बाय चारची एक खिडकी, कागदावर पुरी पडते. पण दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीची एका वेळी अर्धीच बाजू उघडते, म्हणून हवेच्या वाट्याला दहाच चौरस फूट येतात. त्यावर धुळीने भरलेली मच्छरजाळी असेल तर तेही पूर्ण मिळत नाहीत. डासांमुळे नाशिकमध्ये संध्याकाळी पाचनंतर खिडक्या मिटल्या जातात आणि डेंग्यूच्या दिवसांत ते रास्तही आहे. म्हणूनच प्रत्येक उघडणाऱ्या खिडकीला जाळी असणे आणि ती दर महिन्याला साबणाच्या पाण्याने धुणे हा वायुवीजनाचाच भाग समजावा. त्याच वेळी खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची छोटी भोके काडीने मोकळी करावीत. ती तुंबली की झडीचे पाणी ट्रॅकमध्ये साठते आणि आतल्या भिंतीत उतरते.

फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ठेवावे. सामान भरलेला बॉक्स-पलंग जमिनीला आणि भिंतीला चिकटलेला असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा गादी उचलून फळ्या उघड्या ठेवाव्यात. ट्रंका, पुस्तकांचे खोके, लग्नाच्या साड्या या वस्तू उत्तरेच्या भिंतीलगत ठेवूच नयेत.

वाफ उगमापाशीच पकडा

घरभर पसरलेले बाष्प हाकलण्यापेक्षा ते जिथे निघते तिथूनच बाहेर काढणे कितीतरी सोपे आहे. स्वयंपाकघरातली चिमणी पाइपने बाहेर सोडलेली असेल तरच वाफ बाहेर जाते. पाइप नसलेली चिमणी तेल आणि वास गाळते, पण वाफ तशीच खोलीत परत सोडते. अशी चिमणी असल्यास वेगळा एक्झॉस्ट फॅन लागतोच. भांड्यावर झाकण ठेवून शिजवल्याने वाफही कमी होते आणि गॅसही वाचतो.

एक्झॉस्ट फॅन बसवताना होणारी एक चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. फॅनच्या शेजारची खिडकी उघडी ठेवतात, आणि मग फॅन ओट्यावरची वाफ ओढण्याऐवजी त्या खिडकीतून आलेली बाहेरची हवाच पुन्हा बाहेर फेकत राहतो. फॅन चालू असताना त्याच्या जवळची खिडकी बंद आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचे दार किंवा खिडकी उघडी असावी. बाथरूममध्ये साधारणपणे सहा इंची फॅन पुरतो, परंतु हवा आत येण्यासाठी दाराखाली बोटभर फट हवी. ती नसेल तर फॅन नुसता फिरतो. अंघोळ संपल्यावर दार लावून घेऊन फॅन आणखी पंधरा ते वीस मिनिटे चालू ठेवावा आणि वायपरने फरशी व टाइल्सवरचे पाणी काढून टाकावे. टाइल्सवरचे पाणी मोरीत गेले की ते वाळवण्याचे काम हवेला उरत नाही.

गॅस गिझरबद्दल स्वतंत्रपणे आणि निक्षून सांगतो. तो बाथरूमच्या आत नसावा. बंद जागेत तो चालला की प्राणवायू घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस काही कळण्याच्या आत बेशुद्ध होतो. गिझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत बसवावा, आणि ती बाल्कनी नंतर काचांनी बंद करू नये. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे त्याच कारणाने जीवघेणे आहे. ऊब राखण्यासाठी हवेची वाट बुजवण्याचा मोह होतो, म्हणून हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

पावसाळ्यातले वेळापत्रक

जून ते सप्टेंबर या काळात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. समजा, बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे. ती हवा आत येऊन २७ अंशांपर्यंत तापली तरी आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे संततधार चालू असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून घर कोरडे होणार नाही. उलट तळमजल्यावरच्या थंड शहाबादी किंवा संगमरवरी फरशीला घाम फुटतो. त्या दिवसांत खिडक्या स्वयंपाक, अंघोळ आणि झोप यांच्या वेळेपुरत्या उघडाव्यात आणि बाकी वेळ आतली हवा हलती ठेवावी. छताचा पंखा हवेतले पाणी कमी करत नाही, पण भिंतीलगतचा दमट थर मोडतो आणि पृष्ठभाग सुकवतो. म्हणून रिकाम्या खोलीतही तो मंद गतीने काही तास फिरू द्यावा, असे माझे मत आहे.

पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडले, की ताबडतोब सगळ्या खिडक्या, कपाटांची दारे आणि माळ्याची झाकणे तासभर उघडावीत. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूने येणारा पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येचा असतो, त्यामुळे झड त्याच बाजूच्या खिडक्यांतून आत येते. पाऊस चालू असताना उघडायचीच असेल तर पूर्व किंवा उत्तरेची खिडकी निवडावी.

कपड्यांचा प्रश्न या महिन्यांत सगळ्यात जड असतो. मशिनमध्ये दोनदा पिळून घेतलेले कपडे एकाच खोलीत, शक्यतो ड्राय बाल्कनीलगतच्या, वाळत घालावेत, त्या खोलीचे घराकडचे दार बंद करावे, बाहेरची खिडकी उघडी ठेवावी आणि पंखा लावावा. चारही खोल्यांत थोडे थोडे कपडे टांगले तर चारही खोल्या दमट होतात. एसी असेल तर तो ड्राय मोडवर, खिडक्या बंद करून, रोज तास-दोन तास चालवल्याने उत्तम गुण येतो. उत्तरेकडची खोली कोणत्याच उपायाने ७० टक्क्यांखाली येत नसेल, घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल, तर आर्द्रता शोषणारे विजेचे यंत्र घेण्याचा खर्च मी योग्य समजतो. कपाटात ठेवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या केवळ बंद कपाटापुरत्या उपयोगाच्या आहेत. खोलीसाठी त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

थंडीतले वेळापत्रक

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे नाशिकच्या हिवाळी रात्री मुंबईकरांना अनपेक्षित वाटाव्यात इतक्या गार असतात. शहरात पारा १० अंशांच्या आसपास येतो, आणि निफाडकडे त्याहून बराच खाली जातो. इथे हिशेब उलटतो. पहाटेची १० अंशांची हवा ८० टक्के दमट असली तरी तिच्यात घनमीटरमागे साडेसात ग्रॅमच बाष्प असते, आणि ती आत येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या जवळ येते. बाहेर धुके दिसत असले तरी ती हवा घराला कोरडेच करते, हे पटायला थोडा वेळ लागतो, पण मापकावर ते डोळ्यांनी पाहता येते.

म्हणून हिवाळ्यात झोपताना खिडकीची किंवा वरच्या झडपेची दोन बोटे फट ठेवावी आणि पांघरूण एक जास्त घ्यावे. ते शक्य नसेल तर उठल्याबरोबर समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे सताड उघडाव्यात आणि काचेवरचे पाणी फडक्याने टिपून ते फडके बाहेर पिळावे; ते खोलीतच वाळत टाकले तर पाणी पुन्हा हवेत येते. दुपारी अकरा ते चार या वेळात, ऊन असताना, घर मोकळे ठेवावे. जाड पडदे काचेला चिकटलेले नसावेत, कारण पडद्यामागची काच अधिक थंड होते आणि ओल तिथेच साठते.

आलेली बुरशी काढताना

कोरड्या ब्रशने किंवा झाडूने बुरशी खरवडू नये. तिचे बीजाणू खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालावेत, खिडकी उघडावी, घराकडचे दार बंद करावे आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. डाग राहिले तर पाण्यात विरळ केलेले ब्लीच लावून दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसावे. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टी आणि रंग यांचा विचारही करू नये. बुरशीवर चढवलेला रंग काही महिन्यांतच सोलून निघतो.

हे सगळे सुरू केल्यावर दीड-दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ मापकाचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि ठिपक्यांच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी. आकडे उतरले आणि खूण ओलांडली गेली नाही, तर आपण योग्य वाटेवर आहात. आकडे उतरूनही डाग खुणेपलीकडे पसरत राहिला तर ती गळती समजावी आणि छायाचित्रांसह सोसायटीला लेखी अर्ज द्यावा. बाहेरच्या भिंतीच्या चिरा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही कामे भिंत कोरडी असतानाच नीट होतात, त्यामुळे हा अर्ज मार्चपर्यंत पोहोचावा. मे अखेर आलेल्या कारागिराला काम सुकवायला ऊन पुरत नाही.